चोवीस जोड बोंबील

१

वही गेली होती.

टेबलावर पत्र्याचा डबा होता, डब्यावर झाकण होतं, झाकणावर चिकटवलेले शिंपलेसुद्धा जागच्या जागी होते. आतली वही तेवढी नव्हती.

भक्तीने डबा उलटा करून झटकला. मग ती रडली नाही की ओरडली नाही. सरळ रत्नपाल गमऱ्यांकडे वळली. "काका, सकाली तुमी सगलं मोजून गेलाव ना? तवा वही व्हती ना?"

"होती," गमरे म्हणाले. "निळा पुठ्ठा, एकशे चौदा पानं, उजवा कोपरा दुमडलेला."

गमरे विद्यापीठाचे भांडारपाल. बोर्ली पंचतनचे. तीस वर्षं खुर्च्या, पडदे, चाव्या आणि कुलपं मोजून मोजून त्यांची नजरच मोजपट्टी झाली होती. समोर माणूस आला तरी ते आधी त्याच्या शर्टाची बटणं मोजत आणि कमी भरलं की मनात शेरा मारत. मेळ्यासाठी सकाळी त्यांनीच एकतीस टेबलं दिली होती आणि दिलेल्या प्रत्येक टेबलावर काय ठेवलंय ते फिरून पाहून आले होते. कोणी सांगितलं नव्हतं. सवय.

मेळा म्हणजे 'जागतिक भाषा आणि संस्कृती मेळा'. जिल्ह्यातल्या शाळांची आठवी ते दहावीची पोरं आणि तीस टेबलांवर तीस भाषा. जपानी होती, कोरियन होती, स्पॅनिश होती. एकतिसावं टेबल भक्तीच्या शाळेचं. त्यावरची भाषा दिवेआगरपासून पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने घरोघर बोलली जाते, म्हणून बहुधा ती जगात मोडत नसावी. दालनाच्या नकाशावर तिचं नाव छापलं होतं 'स्थानिक (इतर)' आणि जागा दिली होती मागच्या दाराशी, स्वच्छतागृहाला लागून.

नववीतल्या भक्तीने दोन वर्षं कोळीवाडे पालथे घालून ती वही भरली होती. वाऱ्यांची नावं, भरती-ओहोटीच्या वेळांची नावं, जाळ्याच्या भागांची नावं. सांगणारी एकवीस माणसं. त्यातली चार आता हयात नव्हती. तीन वाजता परीक्षक मूळ वही पाहणार होते. पसंत पडली तर विद्यापीठ त्या शब्दांचा कोश छापणार होतं. मूळ वही नाही, तर प्रवेश बाद.

"फोटो काढलेस का पानांचे?" गमऱ्यांनी विचारलं.

"पयल्या इसांचे. मग आयचा फोन पान्यात पडला."

घड्याळात साडेबारा झाले होते.

२

मेळ्याचे समन्वयक डॉ. दीपेश डी. लगबगीने आले. पाटीवरही त्यांचं नाव एवढंच होतं. आडनावाला जागा पुरली नाही म्हणावं, तर पाटी चांगली दोन फुटांची. माणूस कडक इस्त्रीचा, बोलणं त्याहून कडक. मूळ गाव विचारलं तर म्हणत, "मुंबई." मुंबईत कुठे, ते तीन वर्षांत कोणालाही कळलं नव्हतं.

त्यांनी नाकाला रुमाल लावला. टेबलासमोर मुलींनी दोन बांबू उभे करून दोन दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांवर सुके बोंबील टांगले होते. कोळीवाड्यात अशा मांडणीला वलांडी म्हणतात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, की झाला जोड. तो दोरीवर टाकायचा, एक शेपटी अलीकडे, एक पलीकडे.

"तरी मी सांगत होतो, हे असलं आत आणू नका," सर म्हणाले. "या वासाने कोण थांबणार इथे? रामजी कुठाय? दार त्याच्याकडे होतं ना?"

रामजी पुढच्या दारावरचा कंत्राटी पहारेकरी, डोंगरातल्या वाडीतला. एरवी तो मुख्य फाटकावर असतो. तो आला, उभा राहिला.

"कचरा समजून टाकलीस ना वही?" सरांनी चार शाळांच्या देखत विचारलं. "वाचता येतं का तुला?"

"येतं सायेब. फाटकावरची वही मीच लिवतो."

"मग उद्यापासून नको लिहूस. मी एजन्सीशी बोलतो."

पोरं हसली. का हसली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मोठ्या माणसाने कोणाला झापलं, की हसायचं असतं हे त्यांना शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं.

गमऱ्यांच्या कानशिलात रक्त चढलं. पंधरा वर्षांत रामजीने एक टाचणी हलवली नव्हती. "सर, एक मिनिट," ते म्हणाले. "कोण आत गेलं ते विचारू तरी द्या."

"तुम्ही भांडार सांभाळा, गमरे."

"वही ज्या टेबलावरून गेली ते टेबल भांडाराचंच आहे, सर."

सर निघून गेले. गमऱ्यांनी वलांडीकडे पाहिलं आणि सवयीने जोड मोजले. वरच्या दोरीवर बारा, खालच्या दोरीवर बारा. चोवीस.

सकाळीही चोवीसच होते. पण सकाळी वर तेरा होते आणि खाली अकरा.

३

"रामजी, अकरा ते सव्वाबारा. उद्घाटन चालू असताना आत कोण गेलं?"

"तिघं, दादा. मागल्या दाराला आतून कडी. पुढून तिघंच." रामजीने बोटं दुमडली. "पयली त्या चौलकडच्या शाळेची मनाली मॅडम, मोठी पिशवी घेऊन. मग साउंडवाला विनेश, वायरींचा खोका घेऊन. मग सर, हातात फाइल. तिघांनाबी मी तपासलं न्हाय. सरांना कोन तपासनार?"

मुली उद्घाटनाला नांदी म्हणत होत्या. त्यांचे शिक्षक नेहमीप्रमाणे कुठल्याशा प्रशिक्षणाला पाठवले गेले होते, म्हणून सोबत भक्तीची आजी नीराबाई आली होती. तिला गमऱ्यांनीच हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं होतं. म्हणजे त्या वेळात वलांडीला हात लावणारं घरचं कोणी नव्हतं.

मनाली मॅडम जपानी टेबलावर कागदी पंखे सारखे करत होत्या.

"हो, गेले होते. फवारा मारायला! माझ्या मुलींचे किमोनो भाड्याचे आहेत, गमरे. त्यांना सुकटाचा वास लागला तर दुकानदार परत घेईल का? मी तक्रारसुद्धा केलीय, लेखी."

"वही पाहिलीत?"

"मी त्या बाजूला पाच फुटांवरूनच फवारलं. जवळ कोण जाणार?"

विनेश नव्या मुंबईकडचा. माइकच्या वायरीत पाय अडकवून उभा होता. "काका, अपुन को क्या पता? मी एक्स्टेंशन घ्यायला गेलो. ते पण तुमच्याच स्टोअरचं, अकरा वीसला सही केली मी. बघा ना रजिस्टर."

सही होती. वेळही बरोबर होती. पण सही माणसाने एक्स्टेंशन नेलं एवढंच सांगते, त्याने खोक्यात आणखी काय घातलं ते सांगत नाही.

मॅडमना टेबल हटवायचं होतं, विनेशला सगळ्याच गोष्टी खोक्यात टाकायची सवय, आणि सरांना रामजी चोर हवा होता. मात्र एकही खोडी अशी नव्हती, की जिच्यासाठी एकशे चौदा पानं पळवावीत.

गमरे परत आले तेव्हा नीराबाई खालच्या दोरीशी वाकून उभी होती. नऊवारी खोचलेली, नाकात नथ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "यो जोड आमचा न्हाय."

४

खालच्या दोरीवरचा शेवटचा जोड तिने बोटाने दाखवला. "हात लावून बघ. तोंड वलं हाय."

गमऱ्यांनी हात लावला. बाकी सगळे बोंबील खडखडीत. या दोघांचे जबडे मात्र किंचित मऊ, ओलसर.

"म्हणजे काय झालं, नीराबाई?"

"आरं, वरून पडला आसंल. पडल्यावर जोड सुटला. सुकल्याला जबडा तसाच वढला तर मोडतो, काडीवानी. म्हनून आदी पान्याचं बोट लावाचं, दम धराचा, मग आडकवाचा. ह्यानं तसंच केलंय. आनि मोठ्याच्या तोंडात ल्हान घातलाय, बराबर." ती सरळ उभी राहिली. "चोर आपल्यातलाच हाय, भाऊ. ह्याच्या हाताला वलांडीची सवय हाय."

भक्तीचा चेहरा उतरला. "आजी, आपल्यातला कशाला चोरंल आपली वही?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून गमऱ्यांना जास्त राग आला. टेबल दोऱ्यांच्या मागे, जागा अरुंद. वहीसाठी वाकणाऱ्याचा खांदा वरच्या दोरीला लागला आणि एक जोड खाली आला. परक्याने तो तसाच सोडला असता किंवा कोपऱ्यात सारला असता. ह्याने घाईच्या वेळीही खाली बसून, बोट ओलं करून तो नीट लावला. डोक्याने चोरी केली आणि हाताने घरकाम.

सहा सुटे बोंबील घेऊन गमरे निघाले. आधी मनाली मॅडमकडे. "मॅडम, मुलींचं टेबल पुन्हा मांडतोय. एवढे दोन दोरीवर टाकता का?"

मॅडमनी टिश्यू पेपरात धरून बोंबील मध्येच वाकवला. तो मोडला. "शी! हे काय काम आहे का माझं?"

विनेशने मात्र आनंदाने घेतले. दोन शेपट्या एकत्र केल्या, खिशातून काळी चिकटपट्टी काढली, चार वेढे मारले आणि दोरीला गाठ घातली. "एकदम फिट, काका. वादळ आलं तरी हलणार नाय."

रामजीने बोंबील हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "आमच्यात ह्याला टोपलीत ठेवतात, दादा. दोरीवर कसा ऱ्हाईल?"

उरला एक. आणि त्या एकाला बोंबील द्यायला जाण्यात अर्थ नव्हता. तो नाकाला रुमाल लावून उभा राहिला असता.

"भक्ती," गमऱ्यांनी विचारलं, "सकाळी सर तुमच्या टेबलाशी आले होते का?"

"आलेलं. वही चाळली. मी सांगितलं, सर, शेवटच्या पानाव सांगनाऱ्यांची नावं हायत, फोटो हायत, कोन काय करतं त्येबी हाय. त्यांनी त्ये पान काढलं. मग एकदम मिटली वही. म्हनलं, नावं कशाला घातलीस, फाडून टाक."

"का म्हणून?"

"त्ये न्हाय सांगितलं. पन काका, नावं फाडली तर शब्द कोनाचे?"

"कोण कोण आहे त्या पानावर?"

ती बोटं मोजत नावं सांगू लागली. सोळाव्या नावाला गमऱ्यांनी तिला थांबवलं. ते नाव त्यांनी आधी कुठेतरी वाचलं होतं, आणि एकदा नाही.

५

फाटकावरची वही रामजीच्या अक्षरात होती, टपोऱ्या आणि स्वच्छ. येणाऱ्याचं नाव, कोणाकडे, काम, शेरा. गमऱ्यांनी दोन वर्षं मागे जाऊन पानं उलटली. सात नोंदी सापडल्या. त्यांनी त्या पुन्हा वाचल्या आणि वही काखेत मारून सरांच्या खोलीकडे गेले. दारात कँटीनची मांजर बसून आत तोंड करून ओरडत होती.

"सर, हिला आत काय हवंय?"

"गमरे, मला वेळ नाही. अडीच वाजलेत."

"माझ्याकडेही अर्धाच तास आहे." ते परवानगी न घेता बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा. "वही नेणारा कोळीवाड्यातला आहे. पडलेला जोड त्याने नीट लावला. सुकलेल्या जबड्याला थुंकी लावून मऊ केला आणि..."

"थुंकी कोण लावतं?" सर फटकन म्हणाले. "थुंकीने बुरशी धरते. पाणीच लावतात."

बाहेर मांजर गप्प झाली.

"मुंबईत कुठे शिकवतात हे?" गमऱ्यांनी विचारलं.

गमऱ्यांनी फाटकावरची वही टेबलावर उघडली आणि वाचत गेले. "येणाऱ्याचं नाव, केसर. कोणाकडे, दीपेश सर. काम, सुकी मासळी देणे. शेरा, सर मीटिंगमध्ये. पुढची. केसर, दीपेश सर, भेटणे. सर मीटिंगमध्ये. गणपतीच्या आधी, सर मीटिंगमध्ये. होळीला, सर मीटिंगमध्ये. सात वेळा, सर. कोळीवाड्यापासून इथवर दोन एसट्या बदलून. भक्तीच्या वहीत सोळावं नाव केसर आहे. वाऱ्यांचे सगळे शब्द तिचे. खाली पोरीने लिहिलंय, मुलगा विद्यापीठात मोठा सर आहे. फोटोही आहे, सकाळी पानं मोजताना पाहिलाय मी. नाक तुमचंच आहे."

सरांचा आवाज खाली गेला. "तुम्हाला काय माहीत, गमरे? वर्गात शेजारचा मुलगा बाकावरून उठून जायचा. वास येतो म्हणून. मास्तर खिडकी उघडायचे, माझ्याकडे बघून. तुम्हाला काय माहीत?"

"मला?" गमरे उभे राहिले. "मला विचारता? माझ्या बापाला शाळेत पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. नशीब असलं तर. आम्हीसुद्धा जुनं सोडलं, सर. छप्पन साली आजोबांनी सोडलं ते गावाच्या देखत सोडलं, मान वर करून. आईला फाटकावर उभी ठेवून नाही सोडलं!"

सरांनी खालचा खण उघडला. फाइलच्या आत निळा पुठ्ठा होता. वहीला बोंबलाचा वास लागला होता.

"फाडली का नाहीत?" गमऱ्यांनी विचारलं.

"फाडणार होतो." त्यांनी वही पुढे सरकवली. "मग तिचे वारे वाचत बसलो. लहानपणी झोपवताना म्हणायची एकेक."

गमऱ्यांनी वहीला हात लावला नाही. "मी नेणार नाही ही. ज्याने नेली त्यानेच आणायची, माइकसमोर. आणि त्याच माइकवर रामजीची माफी मागायची. चार शाळांच्या देखत त्याला चोर केलंत ना? मग माफीलाही तेवढेच लोक हवेत. मोजून घेईन मी."

सरांनी घड्याळ पाहिलं. "आणि नाही आणली तर?"

"शब्द सांगणाऱ्या एकवीसपैकी हयात सतराही जणांना मेळ्याला बोलावलंय पोरीने. पावणेतीनच्या एसटीने येतायत." गमरे दारापाशी थांबले. "सगळे."

६

तीनला पाच मिनिटं असताना दीपेश सर मंचावर चढले. पायऱ्या पाच. वही हातात.

"एकतीस क्रमांकाच्या टेबलाची वही," ते म्हणाले आणि थांबले. बहुधा 'सापडली' म्हणणार होते. खाली पहिल्या रांगेच्या टोकाला गमरे हाताची घडी घालून उभे होते. "ही वही मी नेली होती. रामजी यांनी नाही. मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो ते चूक होतं. मी त्यांची माफी मागतो."

सभागृहात कुजबुज झाली. रामजी दारात टोपी काढून उभा होता. माफी कशी घ्यायची असते ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने नमस्कार केला.

परीक्षकबाईंनी वही चाळली आणि चष्म्यावरून भक्तीकडे पाहिलं. "हे वारे कोणी सांगितले तुला?"

"सांगनारी आल्यात, बाई. नावं घेऊ?"

भक्ती नावं घेऊ लागली. एकेक जण मागच्या रांगांतून उठत होतं. सोळावं नाव आलं. खांद्याला कापडी पिशवी लावलेली एक बारकीशी म्हातारी उठली. तिने मंचाकडे पाहिलं, मग चटकन नजर खाली केली.

"वा, केसरताई!" परीक्षकबाई म्हणाल्या. "इथे लिहिलंय, तुमचा मुलगा विद्यापीठात सर आहे. आलाय का तो आज?"

केसरने पिशवीचा बंद घट्ट धरला.

"न्हाय बाई," ती म्हणाली. "त्यो मीटिंगमंदी हाय."

लोक हसले. म्हातारी काय बोलली ते चौघांनाच कळलं: केसरकडून हे उत्तर याआधीही ऐकलेल्या नीराबाईला, रामजीला, गमऱ्यांना आणि मंचावरच्या माणसाला.

दीपेश सर मंचावरून उतरले. पाच पायऱ्या, मग रांगांमधली वाट. गमऱ्यांनी पावलं मोजली नाहीत. सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि पिशवीला हात घातला.

"नको," केसर म्हणाली. "हाताला वास येल."

"येऊ दे, आये," ते म्हणाले.

तिने पिशवी लगेच दिली नाही. बराच वेळ दोघांनी ती दोन बाजूंनी धरून ठेवली होती.

गमऱ्यांचा राग काही गेला नाही. सात फेऱ्यांचा हिशोब एका पिशवीने फिटत नसतो, आणि नकाशावरचं 'इतर'ही अजून तसंच छापलेलं होतं. ते भांडारात आले आणि रजिस्टर उघडलं. टेबल, एकतीस, परत. बांबू, दोन, परत. वही, एक, पानं एकशे चौदा, पूर्ण.

मग त्यांनी फाटकावरची वही ओढली. सरांच्या खोलीतून निघाल्यावर ती त्यांनी दारावर रामजीला दिली होती आणि आता येताना परत आणली होती. आजच्या तारखेला रामजीने लिहून ठेवलं होतं: केसर. कोणाकडे, दीपेश सर. काम, भेटणे. शेऱ्याचा रकाना त्याने मोकळा सोडला होता.

गमऱ्यांनी पेन उचललं, क्षणभर धरलं आणि खाली ठेवलं. तो रकाना ज्याने भरायचा तो माणूस बाहेर अजून पिशवी धरून उभा होता.